खिडकीतील दोन बाटल्या

आमच्या टेमघरच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बाटल्या गेली कित्येक वर्षे उभ्या आहेत. दोहोंच्या तळाशी तांबूस-पिवळा साका बसलेला आहे. घरी येणारा पाहुणा त्यांच्याकडे पाहतो आणि गेरू भिजत घातला आहे का, की एखादे आसव मुरत ठेवले आहे, असे विचारतो. आमच्या सौ. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर आवरताना त्या टाकून देण्याचा विषय काढतात, आणि दरवेळी त्याच त्या पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवतात. त्या बाटल्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्यात थोडे रसायनशास्त्र येईल, कारण 34 वर्षे शाळेत विज्ञान शिकविल्यावर ती खोड सुटत नाही. आणि थोडा हिशेबही येईल. तो अजून पुरता मिटलेला नाही.

टेमघर म्हटले की पुष्कळांना मुळशीकडचे धरण आठवते. आमचे टेमघर ते नव्हे. हे भिवंडीचे, कल्याण रस्त्यावरचे. येथे धरण नाही, तरी पाण्याशी गावाचे नाते जुने आहे. उल्हास नदीचे पाणी शहाड येथे उचलून टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणले जाते, आणि येथून ते भिवंडीला, ठाण्याला, मीरा-भाईंदरला जाते. त्यामुळे 'पाणी शुद्ध कसे होते' हा धडा शिकविताना आम्हाला उदाहरणासाठी लांब जावे लागत नसे. पावसाळ्यातले गढूळ पाणी एका उंच काचपात्रात घ्यावे, त्यात तुरटी फिरवावी आणि मुलांना नुसते पाहावयास सांगावे. तुरटी प्रथम पाण्यात दिसेनाशी होते. मग थोड्याच वेळात पाण्यात कापसासारखे बारीक पुंजके दिसू लागतात. तुरटीतील विरघळलेले अॅल्युमिनियम पुन्हा घनरूप होते, गढूळपणाचे कण त्याला चिकटतात आणि दोन्ही मिळून तळाशी जाऊन बसतात. वरचे पाणी नितळ होते. "साका बसला म्हणजे पाणी निवळले," हे वाक्य आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याला गणती नाही. त्या वाक्याला अपवाद असतो, हे आम्हाला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळले.

आमच्या सौ.चे माहेर गोव्यात, सांगे तालुक्यात. कुडचडे-सावर्ड्याकडून त्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर एके काळी खनिजाच्या ट्रकांची रांग तुटत नसे. झाडांची पाने, घरांची कौले, दोरीवरचे कपडे, सारे तांबडे. लोहखनिज नदीकाठच्या धक्क्यांवर यायचे, तेथून बार्जमधून मुरगावला आणि मुरगावहून बोटीने परदेशी. चीनमधून मागणी वाढली तसा हा व्यापार विलक्षण फुगला. 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून 5 कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. आमच्या थोरल्या मेहुण्यांनी बँकेचे कर्ज काढून एक ट्रक घेतला होता. वर्षभरात दुसरा घेतला. त्या दिवसांत त्यांच्या घरी फ्रीज आला, मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाला मंगळूरला गेली. आणि 2008 साली आम्ही टेमघरला घर घेण्याचे ठरविले तेव्हा सुरुवातीच्या रकमेत कमी पडलेले सव्वादोन लाख रुपये मेहुण्यांनीच दिले. कागद नाही, व्याज नाही. "मास्तर, सवडीने द्या," एवढेच ते म्हणाले.

आम्ही ते पैसे सवडीने दिले. निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत प्रत्येक हप्ता टिपून ठेवला, आणि शेवटचा हप्ता दिला त्या रात्री तिच्यावर रेघ मारून समाधानाने झोपलो. त्या वहीत एकच नाव होते, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

मेहुण्यांचे भाताचे शेत एका खाणीच्या डंपाखाली उतारावर होते. एक टन खनिज हाती येण्यासाठी अडीच-तीन टन माती आणि दगड बाजूला काढावे लागतात. ते ज्या डोंगरासारख्या ढिगाऱ्यावर ओतले जातात त्याला तिकडे डंप म्हणतात. 2009 च्या पावसाळ्यात त्या डंपावरची माती ओढ्यात आली, आणि ओढ्यातून शेतात. पहिल्या वर्षी ती बोटभर होती. भाताची रोपे तिच्यातून कशीबशी वर आली, पण पाणी ओसरल्यावर तो थर उन्हाने असा तडकला आणि कठीण झाला की खुरपे टेकवावे तर ठिणगी उडेल असे वाटे. पुढच्या वर्षी आणखी थर. नुकसानभरपाई मिळाली, पण ती एका हंगामाची होती. गाळ दर हंगामाचा होता.

ऑगस्ट 2011 मध्ये आम्ही कणसांच्या फेस्ताला तेथे गेलो होतो. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घरी आणावयाची, हा तो सण. मेहुण्यांच्या घरची कणसे त्या वर्षी घरच्या शेतातली नव्हती. शेजाऱ्याच्या वरच्या शेतातून मागून आणली होती. त्यावर कोणी काही बोलले नाही. जेवणे झाल्यावर आम्ही एकटेच ओढ्यावर गेलो. पाणी विटकरी रंगाचे, दाट, जणू कोणी वरच्या अंगाला गेरूच्या गोणी फोडल्या असाव्यात. खिशात लिटमसच्या पट्ट्या असणे ही विज्ञानशिक्षकाची आणखी एक खोड. निळी पट्टी त्या पाण्यात बुडविली. ती निळीच राहिली. म्हणजे पाणी आम्ल नव्हते. एका बाटलीत ते भरून घेतले. खिडकीतली पहिली बाटली ती.

टेमघरला आणून ती आम्ही वर्गात नेली. चारच दिवसांत तिचा साका बसला आणि वर नितळ पाणी दिसू लागले. आमचे फळ्यावरचे वाक्य खरे ठरले होते. मुलांना आम्ही सांगितले की गोव्याचे खनिज हे मुख्यतः लोखंडाचे ऑक्साइड, म्हणजे युगानुयुगे हवापाण्यात गंजून पूर्ण झालेले लोखंड. त्याला आणखी गंजावयाचे काही उरलेले नाही. ते पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगते, आणि प्रवाह मंद झाला की तळ धरते. त्याची इजा शेताला होते, ओढ्याच्या तळाला होते, नदीच्या पात्राला होते. पण ती दिसणारी इजा आहे. त्या दिवशी तास संपल्यावर एका मुलीने विचारले होते, "सर, मग न दिसणारी इजा कशी असते?" आम्ही काही तरी पुस्तकी उत्तर दिले. खरे उत्तर आम्हालाच सहा वर्षांनी पाहावयास मिळाले.

आमची एक पुतणी सिस्टर आहे आणि मेघालयातील जैंतिया टेकड्यांत एका शाळेत शिकविते. निवृत्तीनंतर डिसेंबर 2017 मध्ये आम्ही उभयता तिला भेटावयास गेलो. गुवाहाटी, शिलाँग, जोवाई आणि पुढे ख्लेहरियातकडे. त्या भागात कोळशाचे पातळ थर आहेत. ते काढण्यासाठी माणसे खोल चौकोनी विहिरी खणतात आणि तळाशी आडव्या, जेमतेम रांगत जाता येईल अशा बिळांतून कोळसा ओढून आणतात. उंदराच्या बिळांची उपमा त्या खाणींना अवघ्या देशाने दिली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल 2014 मध्ये अशा खाणकामावर बंदी घातली होती. आम्ही गेलो तेव्हा कागदोपत्री तरी त्या टेकड्या शांत होत्या. बंदी किती पाळली जात होती, ते 13 डिसेंबर 2018 रोजी क्सान येथील एका खाणीत पाणी शिरून 15 मजूर अडकले तेव्हा साऱ्या देशाला कळले.

पुतणी आम्हाला शाळेमागच्या ओढ्यावर घेऊन गेली. प्रथमदर्शनी तो ओढा सुंदर वाटला, हे कबूल केले पाहिजे. पाणी काचेसारखे स्वच्छ. तळाचा खडान् खडा दिसावा. परंतु प्रत्येक खड्यावर, प्रत्येक बुडालेल्या काटकीवर नारिंगी रंगाचे एक कवच चढलेले होते. जेथे पाणी पायरीवरून उतरे तेथे त्या कवचाच्या लहान लहान कमानी आणि कंगोरे तयार झाले होते, एखाद्या वेदीच्या नक्षीसारखे. काही वेळ पाहिल्यावर ध्यानात आले की तेथे काहीच हलत नाही. मासा नाही, खेकडा नाही, पाण्यावर धावणारा कीटकही नाही. "काका, ह्या पाण्यात कपडे धुतले तर पिवळे पडतात," पुतणी म्हणाली. "पिण्याचे पाणी आम्ही वरच्या झऱ्यावरून आणतो. मुलींचा रोज एक तास त्यात जातो. ह्याच ओढ्यात मासे मिळत, असे त्यांच्या आज्या सांगतात."

या वेळी निळी पट्टी पाण्याला टेकताच तांबडी झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतील कागदाने पाहिले तर सामू 3 च्या आसपास निघाला. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो. 3 म्हणजे ते पाणी चिंचेच्या कोळाच्या जवळपास आंबट. आम्ही एक बाटली भरली. ती उजेडात धरून पाहिली. नळाच्या पाण्याहून वेगळी दिसत नव्हती. गाडीच्या प्रवासात ती सौ.च्या पिशवीत होती. तिसऱ्या दिवशी पाणी पिवळसर ढगाळ झाले. टेमघरला पोहोचून पंधरवडा उलटला तेव्हा तिच्या तळाशी नारिंगी साका होता आणि काचेला आतून तोच रंग चढला होता. बाहेरून तिच्यात काहीही घातलेले नव्हते. बूच आणि पाणी यांच्यामध्ये राहिलेली दोन बोटे हवा, एवढेच तिचे भांडवल.

असे का व्हावे? कोळशाच्या थरांत आणि त्यांच्या शेजारच्या दगडांत पायराइट नावाचे सोनेरी खनिज असते. ते लोह आणि गंधक यांचे बनलेले आहे. सोने समजून पुष्कळांनी त्यावर फसगत करून घेतली आहे. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर, ते लाखो वर्षे निरुपद्रवी पडून राहते. खाण त्याला हवा दाखविते. हवा आणि पाणी मिळाले की त्याचे गंधकाम्ल होते, आणि लोह पाण्यात विरघळते. या अवस्थेतील लोहाला जवळजवळ रंग नसतो, म्हणून पाणी नितळ दिसते. पुढे हवेतील प्राणवायूने तेच लोह दुसऱ्या, फेरिक अवस्थेत जाते आणि त्या अवस्थेत ते पाण्यात राहू शकत नाही. नारिंगी खनिज होऊन तळाशी बसते. आम्ल पाण्यात हा बदल खरे तर फार सावकाश व्हावयाचा. परंतु तो घडवून त्यावरच आपला निर्वाह करणारे जिवाणू या पाण्यात असतात. अमेरिकेतील एका कोळसा खाणीच्या पाण्यात कोल्मर आणि हिंकल या संशोधकांनी ते 1947 साली शोधून काढले. त्यांच्यामुळे या क्रियेचा वेग लाखोपट वाढू शकतो. आमच्या बाटलीत, सौ.च्या पिशवीत, त्यांचेच काम चालले होते.

आता आमच्या फळ्यावरच्या वाक्याकडे वळू. फेरिक लोह जेव्हा साका होऊन बसते, तेव्हा त्या क्रियेत आणखी आम्ल तयार होते. म्हणजे हा साका बसला की पाणी निवळत नाही. ते अधिक आंबट होते. आणि जे फेरिक लोह बसत नाही, ते खाणीतील उरलेल्या पायराइटवर चाल करून नवे आम्ल निर्माण करते. एकदा चाक फिरू लागले की त्याला मजुराची, मालकाची, परवान्याची गरज उरत नाही. पायराइट, पाणी आणि हवा यांपैकी एक तरी संपेपर्यंत ते फिरत राहते.

साक्याच्या रंगावरून पाण्याची आंबटाई पुष्कळशी ओळखता येते. अतिशय आम्ल पाण्यात, सामू 3 च्या खाली, जॅरोसाइट हे पिवळे खनिज बनते. 3 ते 4 च्या दरम्यान श्वेर्टमॅनाइट. नारिंगी छटेचे हे खनिज जर्मन मृदाशास्त्रज्ञ श्वेर्टमान यांच्या नावाने ओळखले जाते, आणि विज्ञानाने त्याला स्वतंत्र ओळख दिली ती 1990 नंतरच्या दशकात. एरवी ते साऱ्या जगाच्या ओढ्यांत डोळ्यांसमोर होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण कदंबाच्या फुलासारखे दिसतात, गोल आणि सर्वांगाला तुरे फुटलेले. आर्सेनिकसारखी विषे ते आपल्या अंगाला धरून ठेवते, हा त्याचा गुण. पाणी आणखी निवळत गेले, वाटेत एखादा स्वच्छ झरा मिळाला, तर सामू 5 च्या सुमारास अॅल्युमिनियमचे पांढरे पुंजके बसू लागतात. शाळेच्या खालच्या अंगाला असा एक संगम आम्ही पाहिला. दगडांवर दह्यासारखा पांढरा थर होता. तुरटीच्या काचपात्रात आम्ही मुलांना दाखवीत आलो तोच हा प्रकार. येथे मात्र तो उपसून नेणारे कोणी नव्हते.

श्वेर्टमॅनाइट स्थिर नसते. काही महिन्यांत, काही वर्षांत ते रूप बदलते आणि त्याचे गोथाइट होते; त्या बदलातही थोडे आम्ल सुटते. गोथाइट हे नाव शाकुंतलाची मुक्तकंठाने स्तुती करणाऱ्या जर्मन महाकवी गटे याच्या सन्मानार्थ 1806 साली दिले गेले. गटे हा खनिजांचा अभ्यासक होता आणि वायमार राज्याच्या खाणींचा कारभारही त्याने पाहिला होता. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की गोव्याच्या लोहखनिजातही हे गोथाइट पुष्कळ असते. म्हणजे आमच्या पहिल्या बाटलीच्या तळाशी जे पुरातन खनिज आहे, त्याच्याकडेच दुसऱ्या बाटलीतील नवा साका हळूहळू चालला आहे. आज दोन्ही बाटल्या पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. वरचे पाणीही दोहोंतले स्वच्छ आहे. कोणती कोणती हे आम्हालाही चिठ्ठी लावल्याशिवाय सांगता येणार नाही. लिटमसलाच विचारावे लागेल.

महाराष्ट्रात असे आंबट ओढे का दिसत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवन काळातला आहे आणि त्यात गंधक साधारणपणे एक टक्क्याहून कमी असते. मेघालयाचा कोळसा नंतरच्या काळातला, समुद्राच्या सान्निध्यात घडलेला, आणि त्यात गंधक त्याच्या कितीतरी पट. दगडाच्या या जन्मजात फरकाने आपण थोडे वाचलो आहोत, यात आपले कर्तृत्व नाही. आणि वाचलो म्हणजे सर्वस्वी वाचलो असेही नव्हे. जुलै 2021 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात कळणे येथील लोहखाणीचा बांध फुटला आणि खाणीतले पाणी व चिखल गावात आणि बागायतीत शिरला. तेथे आम्ल नव्हते. नुसती माती पुरेशी झाली.

जपानमध्ये आशिओ येथे तांब्याची मोठी खाण होती. तिच्या पाण्याने खालच्या खोऱ्यातील भातशेती नासली, तेव्हा तानाका शोझो नावाच्या लोकप्रतिनिधीने शेतकऱ्यांची बाजू घेतली, आणि 1901 साली थेट सम्राटाच्या गाडीपुढे अर्ज घेऊन धावण्याचे धाडस केले. ती खाण 1973 साली बंद झाली. तिच्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचे काम मात्र अजून चालू आहे. तांबे केव्हाच विकले गेले, पाणी उरले. चुना घालून आम्ल मारावे, साका तळ्यांत बसवावा, तो उपसावा, पुन्हा चुना घालावा. स्वस्त उपाय म्हणून चुनखडीचे दगड ओढ्यात टाकले तर त्यांच्यावरच गंजाचे कवच चढते आणि ते निकामी होतात. अमेरिकेत ओहायो विद्यापीठातील चित्रकार जॉन सॅब्रॉ आणि अभियंता गाय रिफलर यांनी अशा ओढ्यांतील साका गोळा करून, भाजून, त्याचे चित्रकारांसाठी रंग बनविले. कोकणातल्या काव कलेशी परिचय असलेल्या आपल्या वाचकांना ती कल्पना आवडेल. आम्हालाही ती आवडली. परंतु रंग विकूनही ओढ्याजवळ रोज कोणी तरी जावेच लागते, हे त्यातले मर्म आहे.

गोव्यात ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. 2014 साली ते मर्यादा घालून पुन्हा सुरू करण्याची वाट मोकळी झाली, आणि विक्रीच्या रकमेतील 10 टक्के पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश झाला. 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्टे रद्द झाले. त्यानंतर नव्या लिलावांतून काही खाणींची हालचाल पुन्हा सुरू झाली आहे. या चढउतारांत मेहुण्यांचा एक ट्रक बँकेने नेला, दुसरा त्यांनी पडत्या भावाने विकला. ज्या धंद्याने शेत बुडविले त्यानेच घर चालविले होते, म्हणून खाण बंद झाल्याचा आनंद त्यांना मानता आला नाही आणि दुःखही उघडपणे करता आले नाही. शेतात मात्र पावसाळ्यागणिक लाल पाणी येतच राहिले. "मास्तर, खाण बंद झाली हे कागदाला कळले," ते एकदा म्हणाले. "डंपाला कोण सांगणार?"

मे 2018 मध्ये, जैंतिया टेकड्यांतून परतल्यावर पाच महिन्यांनी, आम्ही त्यांच्याबरोबर त्या शेतात एक खड्डा खणला. वर हातभर लाल गाळ, थरावर थर, प्रत्येक पावसाळा मोजता यावा असा. त्याखाली जुनी तपकिरी माती, आणि तिच्यात अजून भाताच्या मुळांचे धागे. मेहुणे त्या मातीचे ढेकूळ हातात घेऊन बराच वेळ उभे होते. आम्हाला त्या क्षणी निळ्या पुठ्ठ्याची वही आठवली. मेहुण्यांचे देणे आम्ही फेडले होते. परंतु ज्या पैशाने टेमघरच्या घराचा उंबरा उभा राहिला, तो ज्या डोंगरातून आला, त्याची माती या शेतावर बसली होती. शेताचे नाव वहीत कधी लिहिलेच नव्हते.

सगळे शेत उपसणे आमच्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्यातले नव्हते. वरच्या कोपऱ्यातील दोन गुंठे तेवढे मजूर लावून मोकळे केले. आणि ओढ्याचे पाणी शेतात शिरते तेथे, त्याच्या आधी, एक लांबट खड्डा काढून दगडांचा आडवा बांध घातला. जलशुद्धीकरण केंद्रातल्या साका बसविण्याच्या टाकीची ती गावठी आवृत्ती. पाणी थबकले की गाळ तळाला बसतो, आणि बांधावरून पुढे जाते ते त्यातल्या त्यात निवळलेले. 34 वर्षे शिकविलेल्या धड्याचा आम्ही स्वतः केलेला हा पहिलाच उपयोग. गोव्याचा गाळ नुसता तरंगणारा आहे, म्हणून हा उपाय तेथे चालला. जैंतियाच्या ओढ्यावर असा खड्डा काढून काहीही साधले नसते, हे पुतणीला पत्राने कळविताना हात जड झाला.

उपाय चालला याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा काठापर्यंत भरला. पुढच्या मेमध्ये तो उपसावा लागला, आणि त्याच्या पुढच्या मेमध्येही. टाळेबंदीच्या वर्षी आम्हाला जाता आले नाही. तेव्हा गाळ बांधावरून उतरून त्या दोन गुंठ्यांत पुन्हा बोटभर बसला. एक वर्ष कोणी गेले नाही तर काय होते, ते त्या बोटभर थराने आम्हाला दाखविले. पुढच्या वर्षी तो खरवडून काढला. त्या कोपऱ्यातले भात तिघांच्या घराला महिनाभरही पुरत नाही. कणसांच्या फेस्ताला मात्र आता घरच्या शेतातील जुडी जाते. ती लहान असते, आणि मेहुणे ती शेजाऱ्याने दिलेल्या जुडीशेजारीच ठेवतात.

मेहुण्यांना आता वाकवत नाही, आणि आमचेही गुडघे बोलू लागले आहेत. गेल्या मेमध्ये त्यांचा मुलगा आणि आमचा धाकटा असे दोघे खड्ड्यात उतरले. आम्ही काठावर बसून पाट्या मोजल्या. 116 भरल्या. घरी परतल्यावर आम्ही ती निळी वही शोधून काढली, रेघेच्या खाली शेताचे नाव लिहिले आणि त्यापुढे तो आकडा टाकला. पुढच्या वर्षासाठी खाली जागा सोडली आहे.